सातमाळ्याची शीव

शीव चालून दाखविणें ही महाराष्ट्रांतील फार जुनी रीत आहे. दोन गांवांमध्यें हद्दीबद्दल तंटा पडला आणि कागदपत्रांवरून निकाल होईना, म्हणजे गोतसभेसमोर उभय पक्षांच्या संमतीनें एका माणसास पुढें करीत. हा बहुधा गांवचा महार असे. कारण पाटील-कुळकर्ण्यांच्या दप्तरांत जें सांपडत नसे तें त्याच्या घराण्याच्या स्मरणांत असे. डोक्यावर शिवेची माती किंवा कातडें घेऊन आणि देवाची शपथ वाहून तो चालूं लागे. त्याचीं पावलें जेथून जात ती हद्द ठरे. खोटें चालणाऱ्यावर ठराविक मुदतीच्या आंत अरिष्ट कोसळतें अशी सर्वांची समजूत असल्यामुळें तें चालणें म्हणजे एक दिव्यच होतें. ज्यास गांवाच्या पाणवठ्यावर पाणी भरण्याची मोकळीक नव्हती, त्याच्याच पावलांवर गांवाचें क्षेत्र ठरत असे, ही गोष्ट आपल्या जुन्या व्यवस्थेविषयीं बोलतांना सहसा कोणी सांगत नाहीं.

राज्यांच्या शिवेचा प्रकार वेगळा. तेथें शपथेवर विश्वास ठेवणारा कोणी नसतो. इंग्लंड आणि वेल्स यांच्या दरम्यान अशा एका शिवेचा मातीचा बांध अद्यापि उभा आहे. इ. स. ७५७ पासून ७९६ पर्यंत मर्सिया येथें राज्य करणारा राजा ऑफा यानें तो घातला असें मानतात व त्याच्याच नांवानें तो ओळखला जातो. बांधाच्या पश्चिमेस, म्हणजे वेल्स लोकांच्या बाजूस, खंदक. आणि खंदकांतून उपसलेल्या मातीचा ढीग पूर्वेस. आपल्याकडे अशा मातीच्या तटास धुळकोट म्हणत. हजार-बाराशें वर्षें पाऊस खाऊनहि हा धुळकोट कांहीं ठिकाणीं आठ फूट उंच भरतो. आल्फ्रेड राजाचा चरित्रकार ॲसर यानें तो एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंत गेला असल्याचें लिहून ठेविलें आहे. संशोधकांस मात्र त्यांत ठिकठिकाणीं मोठे खंड आढळले. १९७१ सालीं या बांधाच्या अनुरोधानें एकशें सत्याहत्तर मैलांची पायवाट लोकांस खुली झाली. तिचें उद्घाटन नाइटन या गांवीं झालें. त्या गांवाच्या वेल्श नांवाचा अर्थच मुळीं ‘बांधावरचें गांव’ असा आहे. उद्घाटन करणारे गृहस्थ म्हणजे १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेचे नायक जॉन हंट. एव्हरेस्ट पाहिलेल्या माणसास मातीच्या बांधासाठीं बोलावण्यांत विनोद कांहींच नव्हता. डोंगर चढून-उतरून ती वाट पुरी करणें चांगल्या चालणाऱ्यासहि बारा-पंधरा दिवसांचें काम आहे.

मराठ्यांच्या इतिहासाशीं संबंध असलेला एक खंदक हिंदुस्थानांतहि आहे, पण तो मराठ्यांनीं खणलेला नव्हे, त्यांच्या भयानें दुसऱ्यांनीं खणलेला. १७४२ सालीं नागपूरकर भोसल्यांचे स्वार भास्करपंतांच्या हाताखालीं बंगाल्यांत शिरले, तेव्हां कलकत्त्याच्या रहिवाशांनीं शहराभोंवतीं सात मैलांचा खंदक काढण्याचा बेत केला. सहा महिन्यांत तीन मैल खणून झाले. स्वार कांहीं कलकत्त्यावर आले नाहींत आणि काम अर्धवट राहिलें. पुढें १७९९ मध्यें त्याचा बराच भाग बुजवून त्यावर रस्ता करण्यांत आला. ‘मराठा खंदक’ हें नांव तेवढें मागें उरलें.

खुद्द महाराष्ट्रांत ऑफाच्या बांधासारखा शेंकडों मैलांचा धुळकोट कोणत्या राजानें घातला नाहीं. निदान नाशिक जिल्ह्यांत तरी त्याची गरज नव्हती. त्र्यंबकच्या रस्त्यावरचें सातपूर हें आज कारखान्यांची वसाहत म्हणून सर्वांस माहीत आहे. तेथून पावसाळा सरल्यावरच्या स्वच्छ हवेंत उत्तरेकडे पाहिलें म्हणजे रामशेजचा सुटा डोंगर दिसतो. १६८२ पासून पांच वर्षांहून अधिक काळ औरंगजेबाच्या सरदारांस दाद न देणारा तो हाच रामशेज. पण रामशेज ही पुढली चौकी. खरी भिंत त्याच्या मागें, दिंडोरी आणि वणी ओलांडल्यावर आडवी येते. पश्चिमेस सह्याद्रीपासून फुटून पूर्वेस मनमाडजवळच्या अणकाई-टणकाईपर्यंत गेलेली ही सातमाळ्याची रांग. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीच्या रसाचे थर एकावर एक बसून ती झाली. थराथरांतील मऊ भाग झिजला, कठीण भाग कड्याच्या रूपानें उभा राहिला. त्यामुळें प्रत्येक डोंगरास जणूं मुद्दाम तासलेला तट आहे.

या भिंतीचें काम पाण्यापासूनच सुरू होतें. माथ्यावर पडलेल्या पावसाचा एक थेंब उत्तरेस घरंगळला तर तो गिरणेंत, गिरणेंतून तापींत आणि तेथून अरबी समुद्रास जातो. त्याच्याच शेजारचा थेंब दक्षिणेस गेला तर कादवेवाटे गोदावरीस मिळून पार पूर्वेच्या समुद्रास पोंचतो. जेथें पाणी वेगळें होतें तेथें मुलूख वेगळा होतो आणि बहुधा राज्यहि. उत्तरेस खानदेश आणि बागलाण, दक्षिणेस गंगथडी. खानदेशांत १३८२ पासून फारुकी सुलतान होते. त्यांचें अशीरगड १६०१ सालीं अकबरानें घेतलें आणि तेव्हांपासून मोंगल या भिंतीच्या उत्तर पायथ्याशीं येऊन बसले. बागलाणांत मुल्हेरच्या बागुल राजांचें छोटें राज्य १६३८ पर्यंत टिकून होतें. दक्षिणेस अहमदनगरची निजामशाही. तीन राज्यांचे पहारेकरी ज्या डोंगरांवरून एकमेकांकडे पाहात होते, त्या डोंगरांची ही माळ.

तिचे मणी पश्चिमेकडून मोजीत गेलें तर अचला, अहिवंत, सप्तशृंगी, मार्कंड्या, रवळ्या-जवळ्या, धोडप, कांचना, कोळधेर, राजधेर, इंद्राई आणि चांदवड. आणखीहि आहेत, पण एवढेच एका दमांत चालून जाऊं म्हणणाऱ्याचें कंबरडें मोडावयास पुरेसे आहेत. कारण नकाशावर जी एक सरळ रेघ दिसते ती पायांस तशी लागत नाहीं. प्रत्येक दोन गडांच्या मध्यें एक खिंड आहे. या भागांत खिंडीस बारी म्हणतात. गड उतरून बारींत यावयाचें आणि पुन्हां पुढला गड चढावयाचा. उतरतांना पायांखालीं मुरमाचा घसारा, चढतांना छातीशीं भिडलेला कातळ. वरून वर जाणारी सलग वाट नाहींच. मार्गशीर्ष-पौषांत निघालें तर गवत वाळलेलें असतें पण टांक्यांत पाणी असतें. चैत्र-वैशाखांत निघणाऱ्यानें पाण्याचा हिशेब आधीं करावा आणि वाटेचा मागाहून. गडांवरील हीं टांकीं कातळांत खोदलेलीं आहेत. ज्यांनीं तीं खोदलीं त्यांचीं नांवें कोणत्याहि बखरींत नाहींत, परंतु या शिवेचें रक्षण तोफांपेक्षां त्यांनींच अधिक केलें. पाण्यावांचून गडावर आठ दिवस कोण राहणार?

सप्तशृंगीपाशीं शिवेचा सारा विचार बाजूस राहतो. साडेचार हजार फुटांवरच्या त्या शिखराच्या कड्यांत अठरा हातांची देवी कोरलेली आहे. तिची मान किंचित कललेली. समोरच्या मार्कंड्या डोंगरावर बसून मार्कंडेय ऋषि पुराण सांगत आणि देवी कान देऊन ऐके, अशी कथा आहे. नाशिककर तिला वणीची देवी म्हणतात, कारण ते वणीच्या बाजूनें चढतात. खानदेशी मनुष्य उत्तरेच्या बाजूनें येतो. चैत्रांत धुळें, नंदुरबार, जळगांव या बाजूंनीं माणसांचे तांडे उन्हातान्हांतून पायीं येतात. ज्या भिंतीनें सुलतान आणि बादशहा अडले तिला तीं माणसें मोजीत नाहींत. चैत्री पौर्णिमेच्या वेळीं आणि दसऱ्यास देवीच्या माथ्यावरच्या सुळक्यावर ध्वज लागतो. तो लावण्याचा मान दरेगांवच्या गवळी पाटलांच्या घराण्याकडे आहे, आणि रात्रीच्या वेळीं ज्या वाटेनें ते वर जातात ती इतरांस दिवसांहि सांपडत नाहीं. २०१८ पासून भाविकांसाठीं रुळांवरून चढणारी गाडी झाली आहे. म्हाताऱ्याकोताऱ्यांची तिनें मोठी सोय केली, यांत शंका नाहीं.

धोडप हा या रांगेंतला राजा. पावणेपांच हजार फुटांच्या आसपासचा त्याचा माथा शिवलिंगासारखा दिसतो आणि त्यास लागून काळ्या कातळाची एक सरळ, अरुंद भिंत पुढें गेलेली आहे. भिंतीच्या मधोमध एक खांच पडलेली; कोणी तरी करवतीनें कापल्यासारखी. जमिनीच्या भेगेंतून वर आलेला रस तेथेंच गोठला आणि सभोंवतींचा मऊ दगड झिजून गेल्यावर तो भिंतीसारखा उघडा पडला, अशी तिची उत्पत्ति शास्त्रज्ञ सांगतात. अशा भिंतीस इंग्रजींत जो ‘डाइक’ शब्द आहे, तोच ऑफाच्या बांधासहि लावतात. म्हणजे तिकडे माणसांनीं माती उपसून जें केलें त्याचा नमुना येथें सृष्टीनें आधींच उभा करून ठेविला होता.

या धोडपेखालीं १७६८ च्या जून महिन्यांत जी लढाई झाली, तिची आठवण मराठी मनास सुखाची नाहीं. ही परक्यांशीं लढाई नव्हती. राघोबादादांनीं पुतण्याविरुद्ध फौज जमवून धोडपेचा आश्रय केला. दमाजी गायकवाडाची कुमक आणि होळकरांचा दिवाण गंगोबा तात्या त्यांच्या बाजूस होते. थोरल्या माधवरावांचें वय तेव्हां तेवीस वर्षांचें. आणखी मदत पोंचण्यापूर्वींच त्यांनीं गांठ घातली आणि १० जून रोजीं राघोबांचा पाडाव केला. धोडपेसारखा गड पाठीशीं असूनहि राघोबांस दोन दिवस सुद्धां तग धरतां आला नाहीं. पुण्यास नेऊन त्यांना शनिवारवाड्यांत नजरकैदेंत ठेवण्यांत आलें. हट्टी गांवाच्या बाजूनें वर चढतांना जुन्या वस्तीच्या पडक्या भिंती आणि दरवाजे लागतात. तेथें बसून दम घेतांना हा सारा प्रसंग डोळ्यांपुढें आणणें कठीण नाहीं, परंतु मन रमत नाहीं.

मन रमतें तें पुढें, कांचनबारींत.

सुरत दुसऱ्यांदा लुटून शिवाजीमहाराज १६७० च्या ऑक्टोबरांत परतले ते बागलाणांतून. बरोबर लुटीचीं लादलेलीं जनावरें. समोर सातमाळ्याची भिंत. आणि बुऱ्हाणपुराकडून दाऊदखान कुरेशी धांवत चांदवडास येत असलेला. कागदावर वाचतांना येथें एक प्रश्न पडतो. महाराज या भिंतीस इतके जवळ, इतक्या उघड्यावर, कां आले? डांगाच्या जंगलांतून सरळ कोंकणांत कां उतरले नाहींत? या प्रश्नाचें उत्तर पुस्तकांतून अर्धेंच मिळतें. उरलेलें अर्धें कांचना आणि मंचन या दोन शिखरांमधील खिंडींत उभें राहिल्यावर मिळतें. लादलेलीं जनावरें डोंगर चढत नाहींत, त्यांना बारीच लागते. चांदवडाजवळचा मोठा घाट शत्रूच्या नजरेखालीं. तेथून सुमारे दहा मैल पश्चिमेस कांचनबारी ही त्यानंतरची सोयीची वाट, आणि तिच्या दक्षिण तोंडाशीं उतरलें कीं दिंडोरी-नाशिकाकडचें मैदान मोकळें. पण तीच बारी पाठीमागून येणाऱ्यास अडविण्यासहि तितकीच सोयीची. महाराजांनीं लूट पुढें काढून दिली आणि निवडक स्वार घेऊन स्वतः मागें राहिले.

दाऊदखान रात्रीं चांदवडास पोंचला. मध्यरात्रीं त्यास हेरांनीं बातमी दिली कीं शिवाजी खिंड ओलांडून गेला, त्याची निम्मी फौज नाशिकच्या वाटेस लागली आणि निम्मी मागें आहे. तो तसाच निघाला. पहांटे तीनच्या सुमारास चंद्र मावळला. अंधारांत, त्या नाल्याटेकड्यांच्या मुलखांत, मोंगलांची फौज विस्कळित झाली. आघाडीवर इखलासखान मियाना होता. उजाडतां उजाडतां तो एका उंचवट्यावर चढला आणि पाहतो तों मराठे लढाईस सज्ज उभे. मागच्यांची वाट न पाहतां त्यानें घोडा घातला आणि जखमी होऊन खालीं पडला. दिवस उजाडल्यावर दाऊदखान येऊन पोंचला, परंतु तोंपर्यंत आघाडी मोडली होती. दुपारीं थोडी उसंत, संध्याकाळीं मराठ्यांचा पुन्हां हल्ला, आणि मग ते आपल्या वाटेनें निघून गेले. ही तारीख १७ ऑक्टोबर १६७०. मोंगलांच्या बाजूनें भीमसेन सक्सेना हा लेखक स्वतः हजर होता आणि त्यानें आपली हकीकत लिहून ठेविली, म्हणून हा तपशील आपणांस मिळतो. जेत्यांच्या बखरीपेक्षां पराभूतांच्या पक्षांतील माणसाची साक्ष येथें अधिक कामाची आहे.

मैदानांत मोंगलांशीं समोरासमोर दिलेली ही लढाई महाराजांच्या सैन्यास किती आत्मविश्वास देऊन गेली हें पुढल्या दोन-तीन महिन्यांत दिसलें. अहिवंत, मार्कंड्या, रवळ्या-जवळ्या हे या भिंतीवरचे गड मराठ्यांनीं घेतले. १६७१ च्या जानेवारींत बागलाणांतील साल्हेर घेतला. महाबतखान आणि दाऊदखान यांनीं अहिवंत परत घेतला खरा, पण १६७२ च्या फेब्रुवारींत साल्हेरीखालीं मोरोपंत पिंगळे आणि प्रतापराव गुजर यांनीं मोंगलांचा जो मोड केला त्यानें हिशेब पुरा झाला. सातमाळा ही तोंवर मोंगलांच्या दक्षिणेची वेस होती; आतां त्या वेशीवर मराठ्यांचा पहारा बसला.

कोळधेराकडे फारसें कोणी जात नाहीं. राजधेरास जावेंच लागतें. १८१८ च्या एप्रिलांत लेफ्टनंट कर्नल मॅकडॉवेल याची फौज अणकाई-टणकाई लढाईवांचून ताब्यांत घेऊन येथें आली. राजधेरच्या शिबंदीनें गड देण्याचें नाकारलें. इंग्रजांचा मारा सुरू झाला, वर आग भडकली आणि रात्रीं शिबंदी निघून गेली. नंतर मॅकडॉवेल त्र्यंबकास गेला. एप्रिल अखेरीस त्र्यंबक पडला आणि त्याबरोबर आणखी सतरा किल्ले लढल्यावांचून इंग्रजांच्या हातीं आले. ज्या रामशेजपुढें औरंगजेबाच्या फौजा पांच वर्षें ताटकळल्या, त्याच मुलखांत ही गत. कातळ तोच होता, टांकीं तींच होतीं. पण पेशवा स्वतः मुलखोमुलूख पळत होता; आपण कोणासाठीं लढावयाचें हेंच किल्लेदारांस समजेना. मराठी राज्य किल्ल्यांच्या दुबळेपणामुळें गेलें असें जे लिहितात त्यांनीं एकदां राजधेर चढून पाहावा.

चढतांना त्यांस आणखी एक गोष्ट दिसेल. वरच्या कातळांतील जुन्या पायऱ्या मध्येंच तुटलेल्या आहेत आणि आज तेथें लोखंडी शिडी लावून जावें लागतें. किल्ले हातीं आल्यावर पुन्हां कोणी त्यांचा आश्रय करूं नये म्हणून इंग्रजांनीं ठिकठिकाणीं असे कातळांत खोदलेले जिने सुरुंगांनीं उडवून दिले. गडांवर कायमची फौज ठेवणें खर्चाचें होतें; दहा-वीस पायऱ्या उडविणें स्वस्त पडलें. ऑफाचा बांध शेतकऱ्यांच्या नांगरांनीं हळूहळू पोखरला, सातमाळ्याची वाट दारूनें एका क्षणांत तुटली, आणि शंभर वर्षांहून अधिक काळ गडांचे माथे गुराख्यांवांचून इतरांस दुर्गम होऊन राहिले.

इंद्राईवर या सर्वांहून जुनी एक साक्ष आहे. प्रवेशाच्या वाटेजवळ कातळावर फारसी लेख कोरलेला आहे. शहाजहानचा सरदार अलावर्दीखान यानें या रांगेंतील किल्ले घेतल्याची ती नोंद. काळ १६३६ च्या सुमाराचा. त्या सालीं निजामशाही बुडाली. अक्षरें अद्याप चांगलीं आहेत. ज्यानें तीं कोरविलीं त्याला वाटलें असेल कीं आतां या शिवेचें काम संपलें. परंतु चौतिसाव्या वर्षीं कांचनबारींत काय झालें तें वर आलेंच आहे. लेखावर नाणीं घासून स्वतःचीं नांवें कोरणारे कांहीं महाभाग अलीकडे वर जातात, त्यांना हा इतिहास ठाऊक असता तर बरें झालें असतें.

शेवटीं चांदवड. यादवांचा मूळपुरुष दृढप्रहार याची राजधानी चंद्रादित्यपूर ती हीच, असें विद्वान मानतात. पुढें होळकरांच्या अमदानींत येथें रंगमहाल झाला आणि डोंगराच्या कुशींतलें रेणुकेचें देऊळ अहिल्याबाईंनीं बांधविलें असें सांगतात. इंद्राईहून उतरून आलेला पांथस्थ या देवळाच्या पायऱ्यांवर बसतो तेव्हां त्याच्या गुडघ्यांत कळा येत असतात. समोर राहूडचा घाट आहे. मुंबई-आग्रा रस्ता त्याच घाटांतून सातमाळा ओलांडतो. लासलगांव-चांदवडचा कांदा भरलेल्या मोटारी एकामागून एक घाट चढतात आणि मालेगांवाकडे उतरतात. जी शीव पायीं चालून यावयास आठ दिवस लागले ती त्या आडवी ओलांडून दहा मिनिटांत पलीकडे जातात.